थेंबातली साखर

“मास्तर, खरं सांगा, तुमच्या थेंबात काय असतं?”

मॅडमनी हे मस्करीत विचारलं होतं. समोरच्या बाकावर कोकोच्या रोपांचे दोन ट्रे होते. एक त्यांनी स्वतः केलेला, मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होतो तेव्हा. दुसरा माझ्या हातचा, त्याच्या आधीच्या आठवड्यातला. जात एकच, रोपं एकाच वयाची. माझ्या ट्रेतल्या दहाच्या दहा रोपांचे शेंडे सुजून बोटाएवढे जाड झाले होते. त्यांच्या ट्रेतली चारच रोपं आजारी पडली होती आणि बाकीची सहा काही गावीच नसल्यासारखी हिरवीगार उभी होती.

“काय असणार? पाणी आणि बुरशीची बीजं,” मी म्हणालो.

“मग माझं काय चुकलं?”

“हाताला गुण असावा लागतो, मॅडम.”

त्या हसल्या. मीही हसलो. माझ्या एप्रनच्या खिशात औषधाची एक जुनी प्लास्टिकची डबी होती, तिच्यावर माझा हात आपोआप गेला.

लोक झाडं जगवतात, मी झाडं आजारी पाडतो. बत्तीस वर्षं हीच नोकरी. आमच्या संशोधन केंद्रात कोकोच्या नव्या जाती तयार होतात, आणि कोकोचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे खराटा. ही बुरशी कोवळ्या शेंड्यात शिरते. शेंडा सुजतो, त्याला एकाच जागी ढीगभर काड्या फुटतात, आणि मग ते सगळं वाळून झाडाला जुने खराटे टांगल्यासारखं दिसतं. दमट हवेत त्या वाळक्या काड्यांवर नखाएवढ्या गुलाबी छत्र्या उगवतात, दिसायला फार गोजिऱ्या, आणि त्यांच्यातून बीजं उडून पुढच्या झाडावर जातात. त्या छत्र्या काचेवर ठेवून बीजं गोळा करायची, पाण्यात कालवायची आणि प्रत्येक नव्या जातीच्या दहा रोपांच्या शेंड्यांवर एकेक थेंब सोडायचा, हे माझं काम. सहा आठवड्यांनी मोजायचं. जी जात तग धरेल ती बागायतदारांना, जी आजारी पडेल ती भट्टीत. थोडक्यात, परीक्षक मीच. म्हणून मला सगळे थेंबमास्तर म्हणत आणि मला ते आवडे. खोटं कशाला बोलू?

हे काम मला म्हाताऱ्या फोरमननी शिकवलं. पहिल्याच खेपेला माझ्या दहापैकी पाचच रोपांना रोग लागला आणि तेव्हाचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “मेलेली बीजं वापरतोस का रे? सहा आठवडे फुकट घालवलेस.” मी अगदी रडकुंडीला आलो होतो. फोरमननी मला बाजूला घेतलं, चहाच्या कपाटातून चिमूटभर साखर आणली आणि बीजांच्या पाण्यात टाकून काचेच्या काडीने ढवळली.

“थेंब चिकटून बसतो आणि बीजं लवकर जागी होतात,” ते म्हणाले. “हे कागदावर नसतं, हातात असतं. उगाच कुणाला सांगत सुटू नकोस.”

त्यांना ते त्यांच्या आधीच्या माणसाने दाखवलं होतं. त्या दिवसापासून माझा एकही थेंब वाया गेला नाही. साहेब बदलत गेले, पण बाहेरून पाहुणे आले की प्रत्येक साहेब मला पुढे करून म्हणत, “यांच्या हाताखालून रोप सुटत नाही.” मी मान खाली घालून उभा राहायचो आणि आतून फुगायचो. नोंदवहीत मात्र दरवेळी ठरलेलं वाक्य लिहायचो: स्वच्छ पाण्यातील बीजं, एक थेंब. खाली माझी सही.

मॅडम वर्षभराच्या करारावर आल्या होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. ऊन चढायच्या आत बागेत जाऊन त्या शेंडे खुडून आणत, गरम अल्कोहोलमध्ये टाकत आणि त्यातली साखर मोजत. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. शिकलेल्या माणसांचे छंद असतात, म्हणून सोडून दिलं होतं. ट्रेवरून हसलो त्याच्या आठवड्याभरानंतर त्या स्वतःच माझ्या बाकाशी येऊन बसल्या. चेहरा उतरलेला होता.

“मास्तर, बुरशीलाही खायला लागतंच ना? माझं म्हणणं एवढंच आहे. शेंड्यात साखर जास्त असली की तिची चैन. साखर कमी असली की उपासमार, म्हणजे रोग कमी. बहुतेक जातींत हिशोब बसतोय. एकच जात माझ्या मुळावर आलीय.”

“कुठली?”

“गोदामात जुन्या जातींचे वाळवलेले शेंडे पाकिटांत ठेवलेत ना, ते सगळे तपासले. सगळ्यात कमी साखर एकोणचाळीस नंबरमध्ये. इतकी कमी की बुरशीने तिथं उपाशीच मरायला हवं. आणि नोंदवही काय म्हणते? दहापैकी दहा आजारी. एकोणीस वर्षांपूर्वी. तुमचीच सही आहे.”

मी बाकावरची काचेची काडी पुसायला घेतली.

“साहेब म्हणतात, तुझा सिद्धांतच चुकलाय, सोडून दे. सोडावाच लागणार, दुसरं काय.”

त्या उठून गेल्या. मी समोरच्या काचेच्या काडीकडे बघत बसलो. एकोणचाळीस म्हटल्यावर मॅडमना एक पाकीट आठवत होतं. मला माझा दादा आठवत होता.

तेव्हा आमच्याकडे आधी उत्पन्नाची चाचणी होई आणि रोगाची मागाहून. एकोणचाळीसची उरलेली रोपं फेकून देणार होते, ती मी मागून घेतली आणि दादाला दिली. माझा थोरला भाऊ. वडिलांच्या पाठीमागे त्यानेच मला शिकवलं, स्वतः जमिनीत राहिला. त्याने तीनशे चौदा झाडं लावली. पाच वर्षांत अशी बाग उभी राहिली की येणारा जाणारा थांबून बघे. शेजारच्या बागांमध्ये खराटे लोंबत होते आणि दादाच्या बागेत शोधून एक काडी सापडत नव्हती. मग केंद्रात एकोणचाळीसच्या परीक्षेची पाळी आली, मी थेंब सोडले आणि दहाच्या दहा रोपं सुजली. जात नापास झाली. ती जिथे जिथे असेल तिथून काढून टाका, असं पत्र निघालं, आणि दादाचं पत्र मी स्वतःच्या हाताने नेऊन दिलं.

दादा म्हणाला होता, “अरे, पण माझ्याकडे काहीच नाही. बघ ना एकदा फिरून.”

मी म्हणालो होतो, “अजून नाही, पण येणार. मी रोज हेच बघतो दादा. उद्या रोग आला तर सगळ्या मुलखात तुझ्याच बागेतून पसरेल. काप. आणि बुंध्याला फुटवे येतील, त्यातला एकही ठेवू नकोस.”

त्याने कापली. त्या जागी केंद्राच्या शिफारशीने बारा नंबर लावला. बाराच्या कोवळ्या शेंड्यांवर लव फार, माझा थेंब त्यावरून घरंगळून जायचा. म्हणून परीक्षेत ती जात पहिली आली, हे आता मला कळतं. बागेत कुणी थेंब मोजून सोडत नाही, तिथं बीजं वाऱ्यावरून सगळीकडून येतात. सहाव्या वर्षी दादाची अख्खी बाग खराट्याने बसली. पुढे तो एका शीतगृहाच्या फाटकावर चौकीदार म्हणून उभा राहिला, दहा वर्षं. पण मला कधी एका शब्दाने बोलला नाही. उलट कुणी भेटलं की सांगायचा, “माझा धाकटा संशोधन केंद्रात असतो. त्याच्या थेंबाशिवाय तिथलं पान हलत नाही.”

मॅडमनी सांगितलेलं खोटं असावं, असं मला त्या क्षणी फार मनापासून वाटलं. म्हणून मी माझ्यापुरतं बघायचं ठरवलं. रोपवाटिकेत एकशे सतरा नंबरची रोपं होती, तिची परीक्षा अजून व्हायची होती. तिच्यातही साखर फार कमी, असं मॅडमच्या यादीत होतं. मी वीस रोपं घेतली. दहांना साखरेचा थेंब, दहांना नुसत्या पाण्याचा. ट्रे मागच्या खोलीत ठेवले आणि कुणी विचारलं तर नेहमीचंच काम म्हणून सांगितलं. सहा आठवडे रोज सकाळी आधी तिकडे जायचो आणि मग हजेरी लावायचो. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं की दोन्ही ट्रे आजारी पडू देत. नुसत्या पाण्याचेही शेंडे सुजले असते, तर मी निर्दोष सुटलो असतो.

पाचव्या आठवड्यात साखरेची दहाही रोपं सुजली. पाण्याच्या ट्रेत सहावा आठवडा संपला तरी एकच शेंडा वाकडा झाला होता, तोही जरासा. बाकीच्या नऊ रोपांना कोवळी तांबूस पालवी फुटली होती.

मी दोन्ही ट्रे उचलून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि खिशातली डबी काढून शेजारी ठेवली.

“हे काय?”

“साखर. तुम्ही विचारलं होतंत ना, थेंबात काय असतं.”

त्यांनी डबी उघडली, बोटाला लागलेला कण बघितला, मग ट्रेकडे बघितलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही. हुशार बाई.

“कधीपासून?”

“बत्तीस वर्षं. माझ्या आधीपासून.”

“म्हणजे झाड बुरशीला उपाशी ठेवत होतं,” त्या हळूहळू म्हणाल्या, “आणि आपण बाहेरून डबा पुरवत होतो.”

“आपण नाही मॅडम. मी.”

त्या माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः पाणी आणायला गेल्या. ते मला जास्त लागलं.

आम्ही दोघे संचालकांकडे गेलो. बारा नंबर ही साहेबांची आयुष्याची कमाई. तिच्यावरच ते खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नोंदवही मागवली आणि माझ्यापुढे उघडून धरली.

“वाचा मास्तर. काय लिहिलंय?”

“स्वच्छ पाण्यातील बीजं, एक थेंब.”

“अक्षर कुणाचं? सही कुणाची?”

“माझीच, साहेब.”

“यात साखर कुठं आहे?”

“लिहिली नाही साहेब. पण घालत होतो.”

“लिहिली नाही ना? मग नव्हती.” त्यांनी वही मिटली. “तुम्ही दमलाय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वय झालंय. माणसाला कधीकधी न केलेलं केल्यासारखं वाटतं. पंधरा दिवसांवर निवृत्ती आलीय, मानाने घरी जा की.”

“सर, ट्रे समोर आहेत,” मॅडम म्हणाल्या.

“एका मदतनिसाने मागच्या खोलीत, कुणाला न विचारता केलेले ट्रे. ते मी कुणापुढे ठेवू? आणि एकशे सतरा नंबरवरून तुम्ही एकोणचाळीसबद्दल बोलणार? एकोणचाळीसचं जिवंत झाड आणा, माझ्यासमोर परीक्षा घ्या, मग बोलू.”

एकोणचाळीसचं झाड केंद्रात नव्हतं. सगळी भट्टीत गेली होती, आणि भट्टीपर्यंत गाडा मीच ढकलत नेला होता. साहेबांना ते चांगलं माहीत होतं. माझं जन्मभराचं खोटं त्यांनी खरं म्हणून ठेवून घेतलं होतं आणि आयुष्यात एकदा बोललेलं खरं परत माझ्या हातात दिलं होतं. वर प्रेमाने.

बाहेर व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या, “एक फांदी, मास्तर. कुठंतरी, कुणाच्या तरी कुंपणाला, एक जिवंत फांदी मिळाली तरी मी कलम करीन. करार संपायला तीन महिने आहेत.”

“बघतो,” मी म्हणालो. कुठे बघायचं ते मला माहीत होतं, आणि तिथेच जायचं नव्हतं.

निरोपाचा समारंभ झाला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि पहिल्या रांगेत बसला होता. साहेब छान बोलले. “मास्तरांचा थेंब कधी फुकट गेला नाही,” असं ते म्हणाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही दादाच्या चालूच होत्या. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. मागच्या भिंतीला टेकून मॅडम उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादाच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं.

“या भाऊजी. आजपासून रिकामे ना? आता तरी दोन दिवस राहायला या.” आत वळून ती म्हणाली, “अहो, धाकटे आलेत.”

दादा ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. नोकरी सुटून तीन वर्षं झाली तरी फाटकावरच्या ड्यूटीचे बूट रोज चमकवायची त्याची सवय गेली नव्हती. मी समोर बसलो. रस्त्याने येताना शंभर तऱ्हांनी वाक्यं जुळवली होती, ती सगळी ऐनवेळी कुठे गेली कुणास ठाऊक.

“दादा, एकोणचाळीस चांगलं होतं,” मी म्हणालो. “माझ्या थेंबात साखर असायची. त्या साखरेनं रोप आजारी पडायचं, एरवी पडलं नसतं. झाडात काही खोट नव्हती. तुझी बाग मी फुकट कापायला लावली.”

ब्रश थांबला. आत वहिनीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

“साखर किती घालायचास?” दादाने विचारलं.

“चिमूटभर.”

“हं.” त्याने बूट उलटा करून तळ बघितला. “चांगलं होतं हे मला ठाऊक होतं की. रोज बघत होतो ना. तीनशे चौदा झाडं, एकालाही काडी नव्हती.”

“ठाऊक होतं? मग कापलीस कशाला?”

त्याने माझ्याकडे बघितलं. राग असता तर मी तो घेतला असता. राग नव्हता. एवढं साधं या माणसाला कळू नये, याचं नवल होतं.

“तू सांगितलंस ना,” तो म्हणाला.

मला रडू आलं. साठीच्या माणसाने ओट्यावर बसून रडावं हे काही बरं दिसत नाही, पण आलं. दादाने मला रडू दिलं आणि दुसरा बूट घेतला. आतून वहिनी बाहेर आली, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि एक अक्षर न बोलता परत गेली. एरवी माझ्याशी बोलायला तिला विषय कमी पडत नसे.

मग मी मॅडमचं सांगितलं. एक फांदी पुरेल, म्हटलं. बांधाला, विहिरीपाशी, कुठे एखादा फुटवा राहिला असेल तर बघू. अजून साहेबांना दाखवता येईल. अजून काहीतरी होईल.

“नाही राहिला,” दादा म्हणाला.

“असं कसं? बुंधे इतक्या सहजी मरत नाहीत. एखादा तरी...”

“एकही ठेवू नकोस म्हणालास. चार वर्षं जात होतो कोयता घेऊन. दर महिन्याला. ही म्हणायची, राहू दे एखादा सावलीला. मी म्हटलं, नको, तो जाणतो त्यातलं.” तो उठला. “तुला खोटं वाटत असेल तर चल. बघून घे.”

आम्ही जमिनीवर गेलो. गुडघाभर गवत होतं आणि शेजाऱ्याच्या दोन शेळ्या चरत होत्या. मी वाकून, गवत बाजूला सारत, एका टोकापासून बघायला लागलो. कुजलेल्या बुंध्याचा भुगासुद्धा राहिला नव्हता. दादाने काम चोख केलं होतं. आमच्या घराण्याला कामात हयगय ठाऊक नाही.

तासाभराने मी कंबर सरळ केली. दादा माझ्या पुढे चालत होता, हात मागे बांधून, चमकवलेले बूट जपत. तो सरळ चालत नव्हता. दर चार-पाच पावलांवर जरा थबकायचा, डावीकडून वळसा घ्यायचा, खांदा किंचित आत घ्यायचा आणि पुन्हा ओळीत यायचा. आधी वाटलं, पायात काही बोचत असेल. मग एका ठिकाणी त्याने मान खाली केली, डोक्यावर फांदी लागेल म्हणून करतात तशी, आणि मला कळलं.

मी त्याला गाठायला घाईघाईने तिरका निघालो.

“अरे, तिथून नको,” दादा मागे न बघता म्हणाला. “ओळीतून ये.”

मी थांबलो. पाय उचलला आणि बाजूला ठेवला.